मोत्याचें घर

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा मीं वर्गांत तीस वर्षें सांगितली. परंतु दारीं आलेल्या लंगड्या पिलावर प्रथम मींच काठी उगारली! पुढें तेंच पिलूं घरचें झालें. दरवर्षीं टोंचावी लागणारी रेबीजची लस पशुवैद्याकडून दिली आणि जुन्या खोक्यांच्या फळ्यांचें, वर पत्रा ठोकलेलें घर मीं स्वतः बांधलें. मोत्या मात्र आंत पाऊल टाकीना. ही कृतघ्नता पाहून मला राग आला.

एके दुपारीं आंत हात घातला, तों भट्टीच! जालन्याच्या वैशाखांत पत्रा कसा तापतो, हें त्या मुक्या जीवानें जाणलें, मीं नाहीं. मग घर कडुलिंबाखालीं हलविलें, पत्र्यावर गवताचा जाड थर दिला, खालीं विटा रचून तळ वीतभर उंच केला आणि पावसाळी वारा पश्चिमेचा म्हणून दार पूर्वेस ठेविलें.

त्याच रात्रीं मोत्या आंत निजला. मला मात्र झोंप येईना. वर्गांत ज्यांना मीं ‘हट्टी’ म्हणालों, त्या मुलांच्या डोक्यावरील पत्र्याला मीं कधीं हात लावून पाहिला होता काय?