देखाव्यांतील शिपाई



दिवाळींत मुलांनीं केलेल्या मातीच्या किल्ल्यावर महाराज दरवाजाहून उंच असतात आणि पायथ्याचा मावळा शेजारच्या तोफेएवढा असतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. तो किल्ला भक्तीनें आणि हौसेनें रचलेला असतो. तेथें फूटपट्टीचें काम काय? परंतु हींच मुलें मोठीं झालीं, हातीं चार पैसे आले, आणि खरोखर घडलेला एखादा प्रसंग काचेच्या पेटींत प्रमाणशीर उभा करावा असें मनांत आलें, म्हणजे प्रश्न निराळा होतो. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात. त्यासाठीं चांगले शिपाई कसे निवडावे, एवढ्यापुरतेंच आज बोलणार आहें.

विषय पोरकट आहे, असें कोणी म्हणेल. त्यानें कॅप्टन विल्यम सायबोर्न याची हकीकत ऐकावी. वॉटर्लूची लढाई १८१५ सालीं झाली. पुढें सायबोर्ननें त्या रणभूमीवर सुमारें आठ महिने राहून मोजणी केली, ९ फुटांना १ इंच या प्रमाणानें तिची प्रतिकृति रचली आणि तीवर सत्तर हजारांहून अधिक कथलाचे शिपाई मांडले. १८३८ सालीं लंडनमध्यें ती लोकांस दाखविण्यांत आली. आज ती तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्यें आहे. तिच्यावरून मोठा वाद माजला, आणि त्याचें कारण होते प्रशियन शिपाई. सायंकाळीं सातच्या सुमारास प्रशियन सैन्य किती होतें व कोठवर येऊन पोंचलें होतें, हें त्या बोटाच्या पेराहून लहान मूर्तींनीं दाखविलें होतें, आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनला तें रुचलें नाहीं. अखेर सायबोर्नला त्यांतील पुष्कळशा मूर्ति उचलाव्या लागल्या. जमीन थोडी चुकली तर पाहणारा सांभाळून घेतो. शिपाई चुकला कीं प्रसंगच बदलतो.

आपण एकच प्रसंग समोर ठेवूं. ९ एप्रिल १९४५. इटलींतील सेनिओ नदी. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींतील एक तुकडी नदी ओलांडीत असतां जर्मन मशीनगनांच्या माऱ्यांत सांपडली. तुकडीचा निरोप्या होता नामदेव जाधव, निमज गांवचा. त्यानें एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यांतून, सुरुंग पेरलेल्या उभ्या चढावरून सुरक्षित जागीं नेलें. परत जाऊन दुसऱ्याला आणलें. मग तो तिसऱ्यांदा पलीकडे गेला. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकून देऊन त्यानें हातबॉंबांनीं शत्रूचीं ठाणीं बंद पाडलीं, आणि बांधावर उघड्यावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांस पुढें बोलाविलें. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

यांतला कोणता क्षण घ्यावा? बहुतेक लोक शेवटचा घेतील. हात उंचावलेला, तोंड उघडलेला शिपाई बाजारांत सहज मिळतो. मी मात्र पहिला घेईन, कारण चांगल्या मूर्तीची खरी परीक्षा त्यांत आहे.

ती परीक्षा म्हणजे भार. मूर्ति विकत घेतांना बहुतेकांचें लक्ष गुंड्यांकडे व बकलांकडे जातें. आधीं पाहावें, तें शरीराचें ओझें कोठें पडलें आहे. ज्याच्या पाठीवर दुसरा माणूस आहे त्याची मान पुढें येते, कंबर वांकते, गुडघे ताठ राहत नाहींत आणि पावलें एकमेकांपासून दूर पडतात. चढ चढणाऱ्याची टांच उचललेली असते. पाठीवरच्या माणसाचा लोंबणारा हात ओळंब्यासारखा सरळ खालीं आला पाहिजे. तो हवेंत तरंगत असेल तर जखमी माणूस झोंपाळ्यावर बसल्यासारखा दिसतो. जेथें दोन शरीरें एकमेकांवर दाबलीं जातात तेथें कापडाच्या चुण्या तेथूनच फुटल्या पाहिजेत. दोन्ही मूर्ति निरनिराळ्या घडवून मागाहून चिकटविलेल्या असल्या, तर मध्यें फट राहते. ती रंगानें झांकत नाहीं. हें साधलें असेल तर एखादी गुंडी कमी असली तरी मी क्षमा करीन.

प्रमाणाविषयीं थोडेंच सांगतों. १७० सेंटिमीटर उंचीचा मनुष्य १/७२ प्रमाणांत सुमारें २४ मिलिमीटर, १/३५ मध्यें ४९ आणि १/१६ मध्यें १०६ मिलिमीटर भरतो. दुसऱ्या महायुद्धासाठीं सर्वांत अधिक निवड १/३५ मध्यें मिळते. गंमत अशी कीं हें प्रमाण विचारपूर्वक ठरलेलें नव्हे. जपानच्या तामिया कंपनीनें १९६० नंतर विजेऱ्यांवर चालणारा एक रणगाडा काढला. त्या विजेऱ्या पोटांत मावाव्या म्हणून त्याचा जो आकार झाला, तोच पुढें रूढ झाला. ५४ मिलिमीटरांच्या मूर्ति यांच्या शेजारीं उभ्या करूं नयेत. पांच मिलिमीटर दिसायला क्षुल्लक. पण त्याचा अर्थ शेजारचा गडी सतरा-अठरा सेंटिमीटरांनीं उंच असा होतो. शिवाय कांहीं कारखानदार उंची डोळ्यांपर्यंत मोजतात, कांहीं टाळूपर्यंत. म्हणून पेटीवरील आंकड्यापेक्षां स्वतःच्या पट्टीवर विश्वास ठेवावा. डोकें उंचींत सात ते साडेसात वेळां बसलें पाहिजे. युद्धखेळांच्या २८ मिलिमीटर मूर्तींत तें मुद्दाम मोठें करतात, तें पटावर शोभतें, येथें नाहीं. टॉमी गन खरी ८१ सेंटिमीटर लांब. १/३५ मध्यें ती २३ मिलिमीटर हवी, आणि नळी सुईसारखी बारीक. ती आगकाडीएवढी जाड असली कीं मूर्ति खालीं ठेवावी.

आतां वेषाचें. हिंदी शिपाई म्हटला कीं परदेशी कारखानदारांच्या, आणि आपल्यांतीलही अनेकांच्या, डोळ्यांपुढें शीख पगडीच येते. सेनिओवर मराठ्यांच्या डोक्यावर पोलादी टोप होता आणि अंगांत ब्रिटिश पद्धतीचा लोकरी बॅटलड्रेस. तेव्हां पगडीवाल्या संचापेक्षां चांगला ब्रिटिश पायदळाचा संच घेणें अधिक खरें. प्रश्न राहतो चेहऱ्याचा. नुसतीं डोकीं वेगळीं विकत मिळतात. तीं बदलतां येतात. युरोपीय चेहऱ्यावर तपकिरी रंग चढवून मराठा होत नाहीं, हें थोडें निरखून पाहिलें तर कोणालाही कळेल. डोळ्यांच्या खांचा, नाक, मिशी, गालफडें हीं घडविलेलींच असावीं लागतात.

द्रव्याचें म्हणाल तर, प्लास्टिकची मूर्ति पोलादी सांच्यांतून सरळ बाहेर निघावी लागते, त्यामुळें पट्ट्याखालची पोकळी तींत येत नाहीं आणि पट्टा अंगाला लिंपल्यासारखा दिसतो. रेझिनचा सांचा रबरी असतो. तो वांकतो, म्हणून खोल चुण्या उतरतात. पण रेझिन ठिसूळ, आणि त्यांत हवेचे बुडबुडे राहतात. वांकडी बंदूक ऊन पाण्यांत धरून सरळ करतां येते. सांच्याची शीव कोठून गेली आहे तें अवश्य पाहावें: बाहीवरून गेली असेल तर पातें फिरवून काढतां येते, नाकावरून गेली असेल तर चेहरा गेला. संगणकावर घडवून थराथरानें छापलेल्या मूर्तींत हल्लीं सुरेख काम दिसतें. मात्र गालावर थरांच्या रेघा आहेत कीं काय तें भिंगानें पाहावें. पेटीवरील चित्राला भुलूं नये. तें कसलेल्या रंगाऱ्याचें काम असतें. विक्रेत्यापाशीं न रंगविलेल्या मूर्तीचें छायाचित्र मागावें, आणि पाठमोरेंही मागावें.

आठ शिपायांची पेटी स्वस्त पडते, पण आपल्या देखाव्याला दोघेच हवेत. जर्मन मी मुळींच घेणार नाहीं. ते बांधांत खणून बसले होते. आपला गडी पाण्यांतून येत असतां त्याच्या सोबतीला होता फक्त गोळ्यांचा वर्षाव. त्या दोघांवर हवा तेवढा पैसा खर्चावा, आणि पेटी थोडी उंच करावी, म्हणजे चढ खरोखर चढासारखा दिसेल.