रुळांखालचे लाकूड



पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले छोट्या आगगाड्यांचे म्युझियम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथून बाहेर पडताना मुलांचा हट्ट ठरलेला असतो, ‘बाबा, आपल्या घरी अशी गाडी करू या.’ आमच्याकडेही हा हट्ट झाला. इंजिन आले, डबे आले, रूळ आले. हे सारे मांडायला मी आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूडचा तक्ता दोन टोकांना दोन घडवंच्या ठेवून त्यांवर टाकला आणि टेबल झाले असे समजलो.

उन्हाळाभर गाडी छान धावली. पावसाळा लागला आणि श्रावणापर्यंत तक्त्याला मधोमध झोळ आला. गाडी दर फेरीला एकाच जागी उतरू लागली. मुलाला वाटले, डबे लावताना आपलेच काही चुकते आहे. पंधरा दिवस खटपट करून त्याने इंजिन खोक्यात ठेवून दिले. चूक त्याची नव्हती, माझ्या टेबलाची होती. म्हणून आज गाड्यांविषयी नाही, तर त्या टेबलाविषयी बोलणार आहे.

एचओ नावाच्या मापाच्या या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्याऐंशी पट लहान असतात. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. चाक रुळावर धरून ठेवणारी आतली कड जेमतेम मिलिमीटरभर. खालचे लाकूड थोडेसे हलले की सांध्याशी उंचसखल होते, आणि एवढीशी कड तिथून सहज निसटते.

जवळच्या एका वृद्ध सुतारमिस्त्रींना तक्ता दाखवला. मी म्हटले, ‘जाड प्लायवूड घेऊ का?’ ते म्हणाले, ‘साहेब, जाडीनं लाकूड जड होतं. दम पाहिजे असेल तर लाकूड उभं धरा.’ त्यांनी पाऊण इंच जाड, तीन इंच रुंद अशी एक लांब पट्टी दोन विटांवर आडवी ठेवली आणि मधे बोटाने दाबली. ती वाकली. तीच पट्टी कडेवर उभी केली आणि पुन्हा दाबायला सांगितले. या वेळी ती जागची हलली नाही. हिशेब केला तर उभी पट्टी आडवीपेक्षा सोळापट ताठ भरते. लाकूड तेवढेच, खर्च तेवढाच, ठेवण्याची रीत तेवढी वेगळी.

याच तत्त्वावर अमेरिकेतल्या लिन वेस्टकॉट यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत रूढ केली. ते ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकाचे संपादक होते. त्यांच्या पद्धतीत टेबलाला वरचा तक्ताच नसतो. चार इंची पट्टी उभी धरायची आणि तिच्या वरच्या कडेवर दोन इंची पट्टी आडवी, एका बाजूला बाहेर राहील अशी डिंक आणि स्क्रूने जोडायची. इंग्रजी एल अक्षर उलटे केल्यासारखा हा वासा होतो. असे दोन वासे समांतर ठेवायचे. पाय अगदी टोकांना लावायचे नाहीत. दोन्ही टोकांपासून लांबीचा पाचवा हिस्सा आत घ्यायचे, म्हणजे दहा फुटी वाशाला दोन-दोन फूट आत. त्यामुळे मधला झोळ आणि टोकांची झुकण दोन्ही कमी होतात. पायांना तिरपे आधार हवेतच, नाहीतर टेबल डुलते. पायाच्या तळाशी बोल्ट बसवला की फरशीचा उतारही भरून काढता येतो.

वाशांवर साधारण सोळा-सोळा इंचांवर आडपट्ट्या येतात, त्याही कडेवर उभ्या. त्यांचे स्क्रू वरून मारायचे नाहीत. वाशाच्या बाहेर आलेल्या कडेतून, खालून वर मारायचे. आडपट्ट्यांना हव्या त्या उंचीचे ठोकळे लावायचे आणि त्यांवर फक्त रुळाखाली येईल एवढी प्लायवूडची पट्टी बसवायची. तिचेही स्क्रू खालूनच. वरती डोंगर, बोगदा, स्टेशन सगळे उभे राहिल्यावर एखादी आडपट्टी मधे आली, तर वरचे काहीही न मोडता ती खालून सोडवून सरकवता येते.

ठोकळा वरखाली करून चढही देता येतो. चढ ५० ला १ यापेक्षा तीव्र नसलेला बरा. आपल्या भोर घाटात तो ३७ ला १ आहे, आणि तिथे बऱ्याच खऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. तक्ता नसल्यामुळे रुळांच्या खाली दरी आणि नदीही दाखवता येते. रुंदी मात्र बेताची ठेवावी. कडेपासून अडीच फुटांपलीकडे हात पोचत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच उतरते.

आता आपल्याकडच्या पावसाळ्याविषयी. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. हा फरक रेषांच्या दिशेने अगदी थोडा आणि आडव्या दिशेने बराच असतो. म्हणून वखारीतून आणलेले लाकूड दोन-तीन आठवडे त्याच खोलीत राहू द्यावे. घेताना एक डोळा मिटून पट्टीच्या लांबीकडे बघावे. पीळ किंवा मोठी गाठ दिसली तर ती बाजूला काढावी. काम झाल्यावर व्हार्निश सर्व बाजूंनी द्यावे. आपण वरची बाजू चकचकीत करतो आणि खालची कोरी सोडतो, मग दमट हवा तिथूनच शिरते. रुळांच्या काही सांध्यांत बारीकशी फट ठेवली, तर लाकूड आकसल्यावर रूळ वाकत नाहीत.

आमचे दुसरे टेबल असे झाले. मुलाने स्क्रूची भोके पाडली, मी गुण्या धरला, मिस्त्री शेजारी बसून चुका दाखवत राहिले. पुढे घर बदलले तेव्हा वासे सोडवून जिन्यातून उतरवले आणि नव्या घरात एका रविवारी पुन्हा जोडले. स्टेशन खिडकीशी हवे असा मुलाचा आग्रह होता. तो स्वतः टेबलाखाली शिरला, दोन आडपट्ट्या सैल केल्या आणि जागा करून दिली.

त्यानंतरही गाडी कधी कधी उतरते. पण आता तो आधी टेबलाखाली वाकून बघतो, मग स्क्रू-ड्रायव्हर मागतो. इंजिन पुन्हा खोक्यात गेलेले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)