चित्र दुसऱ्यांदा विकलं जातं तेव्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. वकिलाला दहा मिनिटं देणं म्हणजे काय, ते त्यांना थोड्या वेळात कळेलच. गेल्या दिवाळीत आपण आठ-दहा जण जेवायला जमलो होतो आणि एका वादाने रात्रीचे बारा वाजवले. तो वाद अर्धवट राहिला. तो आज सरांच्या आणि बाईंच्या समोर मांडावा असं ठरलं, म्हणून मी उभी आहे.

आपल्यातला एक जण चित्रकार आहे. नाव घ्यायचं नाही अशी त्याची ताकीद आहे. तुम्ही सगळे आत्ता त्याच्याकडेच बघताय, त्याला माझा इलाज नाही. तिशीत असताना त्याने कैलास लेण्याचं एक मोठं तैलचित्र पंधराशे रुपयांना विकलं. मागच्या वर्षी तेच चित्र दोन लाखांना दुसऱ्याकडे गेलं. हे त्याला कळलं कुठून, तर फ्रेम करून देणाऱ्या कारागिराकडून. त्याने मला विचारलं, "यात माझं काही आहे का गं?"

मी तोंड उघडायच्या आत आपल्या बांधकामवाल्या मित्राने निकाल दिला. "काही नाही. गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो, मोकळा होतो. घर पुढे दहापटीला गेलं म्हणून तो वाटा मागायला येतो का?"

टाळ्यांचं वाक्य आहे, पण गवंड्याची तुलना इथे बसत नाही. लेखकाचं पुस्तक दहा हजार खपलं तर त्याला दहा हजार प्रतींवर मानधन मिळतं. चित्रपटाचे गीतकार-संगीतकार यांच्यासाठी २०१२ साली कायदा बदलला. चित्रकाराची प्रत एकच. ती पहिल्यांदा विकली की त्याची कमाई संपली, आणि पहिली विक्री बहुधा त्या वयातली, जेव्हा घरभाडं थकलेलं असतं. पुढे त्याने तीस वर्षं काम करून नाव मिळवलं, म्हणून त्या जुन्या चित्राला भाव आला. घराचा भाव गवंड्याच्या नावाने वाढत नाही, जागेच्या वाढतो.

फ्रान्सने हे १९२० साली कायद्यात आणलं. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आलं. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा. तो किती, हे कॉपीराइट मंडळाने ठरवायचं, पण दहा टक्क्यांच्या वर नाही. कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत, हा हक्क टिकतो. कॉपीराइट लिहून दिला असला तरी हा हक्क जात नाही. लेखक-कवींच्या मूळ हस्तलिखितालाही तो लागू आहे, तेव्हा आपल्या मराठीच्या बाईंनी कवितांच्या वह्या रद्दीत घालू नयेत.

एक अट मात्र महत्त्वाची. कलाकार त्या कलाकृतीचा पहिला हक्कदार असला पाहिजे. कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल, तर तसा वेगळा करार नसताना पहिला हक्क सांगणाऱ्याचा. म्हणजे आपल्या मित्राने लोकांच्या आजोबांची जी पोर्ट्रेट्स काढली, ती यात नाहीत. कैलासाचं चित्र त्याने स्वतःच्या मनाने काढलं होतं, ते यात आहे.

मग अडचण कुठे? विक्री झाली हे चित्रकाराला कळवायची सक्ती या कलमात कुणावरच नाही. ब्रिटनमध्ये हा हक्क २००६ साली आला. तिथे विक्रीतल्या व्यावसायिकावरही पैसे भरायची जबाबदारी आहे, आणि संस्था ते गोळा करून कलाकारापर्यंत पोचवतात. आपल्याकडे कारागिराच्या तोंडून कळलं तर कळलं. शिवाय वाटा ठरवणारं कॉपीराइट मंडळ २०१७ साली दुसऱ्या मंडळात विलीन झालं, ते मंडळ २०२१ साली बरखास्त झालं, आणि काम न्यायालयांकडे आलं. वीस हजारांच्या वाट्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मी त्याच्यातर्फे एक पत्र पाठवलं आहे. उत्तर अजून नाही.

मोठ्या आकड्यांकडे बघा. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, दिल्लीत निजामुद्दीनच्या एका खोलीत वर्षानुवर्षं राहिले, २००१ साली गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांचं 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला एक कोटी सदतीस लाख डॉलरच्या वर गेलं. अमेरिकेत असा केंद्रीय कायदाच नाही. कॅलिफोर्नियाने १९७६ साली केला होता, तोही कोर्टाने २०१८ पर्यंत जवळजवळ पूर्ण मोडीत काढला.

बांधकामवाल्याचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. "भाव पडला तर चित्रकार माझा तोटा भरणार का?" आपल्या कलमात वाटा नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर आहे. दोन लाखांना घेऊन दीड लाखाला विकणाऱ्यानेही तो द्यायचा. माझ्या मते हे चुकीचं आहे. वाढीव रकमेवरच वाटा हवा. तसं केलं तर देणाऱ्यालाही तो जड जाणार नाही.

हे सगळं वेरूळमध्ये बोलताना एक गोष्ट मनात येतेच. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूट कर्काच्या ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात कृष्णराजाच्या देवळाचं वर्णन आहे. ते घडवणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला, हे आपल्या हातून झालं कसं, असं त्यात म्हटलंय. राजाचं नाव आहे, शिल्प्याचं नाही. नाव दिलं ते मराठी कथेने: पैठणचा कोकस, ज्याने राणीचा उपास सुटावा म्हणून कळसापासून खाली कोरायला घेतलं. इतिहास म्हणून ते उभं राहणार नाही, पण लोकांना कारागिराचं नाव हवं होतं एवढं खरं. दहाव्या लेण्याला आपण अजून 'सुताराची झोपडी'च म्हणतो. आणि हल्ली मोबाइलवर फिरतं, की कैलास परग्रहावरच्यांनी कोरला! छिन्नीच्या खुणा भिंतीवर दिसत असताना. आपल्या भूगोलाच्या सरांनी असल्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तर चित्रकार मित्रा, आणि इथे बसलेले इतर जे काही काढतात-घडवतात ते सगळे: प्रत्येक कामाचा तारखेसह फोटो ठेवा. विकताना साधी पावती करा, घेणाऱ्याचं नाव-पत्ता घ्या. त्यावर एक ओळ लिहून सही घ्या, की पुढे विकल्यास कळवीन आणि वाढीव किमतीतला अमुक टक्का देईन. कायदा सुस्त असला तरी करार दोघांमधला असतो, आणि सही केलेल्या माणसाला तो नाकारणं अवघड जातं. नमुना मी मराठीत टाइप करून तीस प्रती आणल्या आहेत. जेवणानंतर चित्रकलेच्या खोलीत बसते. बांधकामवाल्यानेही यावं, त्याच्या घरात आपल्या मित्राची दोन चित्रं आहेत.