संकटाची वर्दी संगणकावर

साताऱ्याच्या कोयना धरणातून पाणी सुटते तेव्हा सांगलीस आधी वर्दी येते, पाणी मागाहून. संगणकावरील संकटाचीही वर्दी मिळविता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घातक आज्ञावली शिरली आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

संशयित फाइलविषयी अनेक विषाणुरोधक यंत्रणांचे मत 'व्हायरसटोटल' ही सेवा एकत्र देते. जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीमुळे कार्यालयाची आज्ञावली तिला परस्पर विचारू शकते. मात्र मूळ फाइल धाडू नये; ती सेवेच्या इतर ग्राहकांच्या हाती पडू शकते, आणि आपल्या फाइलींत गावकऱ्यांचे आधार क्रमांक असतात! अंगठ्याच्या ठशासारखा तिचा 'हॅश' तेवढा पाठवावा. सेवेची गुप्त किल्ली संकेतस्थळाच्या पानात न लिहिता सर्व्हरवर ठेवावी. 'नोंद नाही' हे उत्तर म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे. अशा वेळी पाठविणाऱ्यास दूरध्वनी करावा.