पोरीला पोलिसात घालायचीय? मग हे ऐका

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्याच भागातल्या, सध्या पुणे शहर पोलीस दलात शिपाई असलेल्या ताईंनी केलेलं भाषण. त्यांच्या सांगण्यावरून नाव छापलेलं नाही. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)

 

मला वर्दीत या म्हणून सांगितलं होतं. मी मुद्दाम साडी नेसून आले. एक तर मी सुट्टीवर आहे. दुसरं म्हणजे वर्दी दिसली की बायका बोलायच्या बंद होतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. आज तुम्ही बोललं पाहिजे, विचारलं पाहिजे.

माझी आई तिकडं तिसऱ्या रांगेत बसलीय. तिचा गट अकरा बायकांचा. त्या गटानं एकदा माझ्यासाठी कर्ज नाकारलं होतं. त्या नाकारलेल्या कर्जापासूनच सुरू करते.

२०२१ ची गोष्ट. मी पहिल्यांदा भरतीला उतरले होते. तेव्हा आधी लेखी आणि मग मैदान असं होतं, आता आधी मैदान आणि मग लेखी आहे. लेखीतच माझं नाव यादीत आलं नाही. घरी मी चार दिवस जेवले नाही. त्यात एक माणूस आप्पांना भेटला. त्याची वरपर्यंत ओळख, पोरीचं काम होऊन जाईल, पाच लाख लागतील, आधी फक्त पन्नास हजार द्या, बाकीचे यादीत नाव लागल्यावर. आप्पा आईला म्हणाले, गटातून बघ.

आईनं मीटिंगमध्ये मागणी ठेवली. आमच्या गटाच्या अध्यक्षा काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी कर्जाची वही उघडली आणि विचारलं, "कारण काय लिहू?" आई म्हणाली, पोरीची नोकरी. काकू म्हणाल्या, "नोकरी तर सरकार देतं, मग पैसा कुणाला? पावती मिळंल का?" पावती कशी मिळणार! "पावती नाय तर कारणाच्या रकान्यात मी काय लिहू गं बाई?" झालं, मागणी नामंजूर. त्याऐवजी सहा हजार मंजूर केले. बूट, पुस्तकं आणि एसटीचं भाडं, असं तीन ओळीत कारण लिहिलं.

मला त्या काकूंचा इतका राग आला होता की मी त्यांच्या दारावरून जायची बंद झाले.

आता त्या माणसाचा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण तो आता मला आतून कळलाय. असा माणसाला कुणाचंच काम करायचं नसतं. तो दहा पोरींच्या घरून पैसे उचलतो. त्यातल्या दोन पोरी स्वतःच्या पळण्यानं, स्वतःच्या अभ्यासानं लागतात. त्यांच्या घरी जाऊन म्हणतो, बघा, केलं का नाय काम, आणा उरलेले. बाकीच्या आठांना म्हणतो, पुढच्या भरतीला बघू. माझ्याबरोबर पळणाऱ्या एका मैत्रिणीच्या घरच्यांनी पैसे दिले. त्यासाठी जमीन गहाण पडली. ती लागली नाही, पैसे आले नाहीत, आणि तक्रार द्यायला वडील घाबरले, कारण अशा कामासाठी पैसे देणाऱ्यावरही गुन्हा होऊ शकतो. तिचं पुढच्याच महिन्यात लग्न लावून टाकलं. ती माझ्यापेक्षा जोरात पळायची.

म्हणून आधी भरती कशी होते ते नीट समजून घ्या. शिपाई व्हायला बारावी पास लागतं. वय १८ पूर्ण, खुल्या गटाला २८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. कधीकधी सरकार एकदाच म्हणून सवलत देतं, ते त्या वेळच्या जाहिरातीत बघायचं. मुलींना उंची १५५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट एक इंच. घरात दाराच्या चौकटीला टेकवून मोजू नका. शाळेत नाहीतर आरोग्य उपकेंद्रात नीट मोजून घ्या. एका सेंटीमीटरनं परत आलेल्या मुली मी बघितल्यात, दोन वर्षं पळून.

मैदानाचे ५० गुण. ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. गोळा ४ किलोचा. ५० पैकी निम्मे तरी मिळवावे लागतात, आणि मग एका जागेमागं दहा जण या हिशोबानं लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तासाची, मराठीत. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, मराठी व्याकरण. त्यात ४० टक्क्यांच्या खाली आलात की बाहेर. मैदान आणि लेखी दोन्ही मिळून १५० पैकी यादी लागते. बऱ्याच ठिकाणी पायाला चिप बांधतात, वेळ मशीन मोजतं. लेखीची उत्तरतालिका प्रसिद्ध होते, हरकत घेता येते. यात पन्नास हजार नेमके कुठं शिरणार, तुम्हीच सांगा.

८०० मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिली फेरी सगळ्याच पळतात. चांगले गुण पाहिजेत तर तीन मिनिटांच्या आत यायला हवं. आपल्या पोरी कष्टाळू आहेत, दम आहे, पण वेळ मोजून कुणी पळत नाही. मी पहिले सहा महिने नुसतीच पळत होते, घड्याळच नव्हतं. आणि पळायचं कुठं? कारखाना सुरू झाला की पहाटे रस्त्यावर उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. आई सायकल घेऊन माझ्या मागं यायची. लोक हसायचे. एकदा आप्पांना कुणीतरी म्हणालं, पोरगी चड्डी घालून रस्त्यानं फिरती. ट्रॅकपँट होती ती! आप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी पहाटे आई उठायच्या आत ते सायकल काढून उभे.

२०२३ च्या भरतीत मी लागले.

आता कागद. मैदानाची तयारी दोन वर्षं करतात आणि कागद आदल्या आठवड्यात गोळा करतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास दाखला, जातीचा दाखला, जिथं लागू आहे तिथं नॉन-क्रीमीलेअर. त्या नॉन-क्रीमीलेअरची मुदत तारखेनिशी बघतात, जुना चालत नाही. लग्न झालेल्या पोरींसाठी वेगळं सांगते. हो, लग्न झालेलीला भरती होता येतं, बाळ असलं तरी येतं. पण जातीचा दाखला माहेरचाच लागतो. वडिलांकडचे जुने कागद लागतात, त्यासाठी माहेरी हेलपाटे होतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा लागतो. आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर सरकारी नोकरीला अपात्र, हा नियम २००५ पासून आहे. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उजनीत ज्यांची जमीन गेली, त्या घरातल्या पोरींनी प्रकल्पग्रस्ताचा दाखला शोधा. त्याला वेगळं समांतर आरक्षण आहे. कित्येक घरांत तो दाखला ट्रंकेत पडून असतो आणि पोरीला पत्ताच नसतो. महिलांसाठी ३० टक्के जागा आहेतच. अर्ज मात्र विचार करून भरा, एका पदासाठी एकाच जिल्ह्यात किंवा शहरात अर्ज चालतो. पुणे, मुंबई, नागपूर अशी शहरं वेगळी आणि ग्रामीण जिल्हे वेगळे मोजतात. मी शहर निवडलं कारण जागा जास्त होत्या. शहर कसं असतं ते मला माहीत नव्हतं.

ते पण सांगते, कारण नुसतं गोड सांगायला मी आलेली नाही.

प्रशिक्षणाचे नऊ महिने. पहाटे उठणं, परेड, कायदा, शस्त्र. खेड्यातल्या पोरींना परेड जड जात नाही. जड जातो तो कायद्याचा पेपर आणि फोन न मिळणं. नंतर नेमणूक. शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो, वर भत्ते. ऐकायला बरा वाटतो. पुण्यात आम्ही तिघी एका खोलीत राहतो, तेव्हा कुठं घरी पैसे पाठवता येतात.

काम म्हणजे सिनेमातलं नव्हे. निम्मा वेळ लिहिण्यात जातो, कॉम्प्युटरवर नोंदी करण्यात. आरोपी कोर्टात नेणं, वायरलेसवर बसणं, बंदोबस्त. बाईची झडती बाईनंच घ्यायची असा कायदा आहे, म्हणून महिला शिपायाला रात्री कधीही बोलावणं येतं. २०२२ च्या जानेवारीत महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायचा आदेश निघाला. चांगला आदेश आहे. पण सणाला तास वाढतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक एक दिवस उलटून गेला तरी संपत नाही. पहिल्या वर्षी उभं राहून माझे पाय इतके सुजले की बूट निघेना. आणि बंदोबस्ताच्या ठिकाणी बाईला जायला जागा आहे का, हे आजही आधी बघून ठेवावं लागतं. आम्ही पाणी कमी पितो. हे चुकीचं आहे, पण करतो. पाळी असली तर काय, ते तुम्हाला सांगायला नको.

मग मी का टिकले? एक रात्र सांगते. मी ठाण्यात होते. दीड वाजता एक बाई आली, कडेवर पोर, पायात चप्पल नाही. बोलण्यावरून कळलं, आपल्याच बाजूची, बांधकामावर कामाला आलेली. टेबलासमोर उभी राहिली आणि गप्प. मी खुर्चीतून उठून तिच्याजवळ बाकावर बसले आणि आपल्या भाषेत विचारलं, "काय झालं गं बाय, कुठली तू?" तिनं पदर बाजूला करून खांदा दाखवला. नवऱ्यानं भाजलं होतं. वरिष्ठांना सांगितलं, दवाखान्यात नेलं, तक्रार लिहून घेतली, वाचून दाखवली आणि तिची प्रत तिच्या हातात दिली. ती प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे, हे तुम्हीही लक्षात ठेवा. ती विचारत होती, "ह्याचे किती द्यायचे?"

पदवी झालेल्या पोरींनी फौजदाराची, म्हणजे पीएसआयची परीक्षाही बघावी. ती एमपीएससीकडून होते. शिपाई राहूनही ती देता येते, मी अभ्यास करतेय, बघू. आणि ज्यांचं वय उलटलंय पण गावात काम करायची हौस आहे, त्यांनी पोलीस पाटलाच्या जागेकडं लक्ष ठेवा. दहावी पास, वय २५ ते ४५, त्याच गावची रहिवासी. ही जागा बाप्याचीच असं कुठंही लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी त्या काकूंच्या घरी गेले. पेढे ठेवले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "सहा हजार वेळंवर फेडलं तुझ्या आईनं, एक हप्ता चुकला न्हाई." बाकी काही बोलल्या नाहीत. वही अजून त्यांच्याकडंच आहे.

मी परवापर्यंत गावात आहे. उद्या पहाटे साडेपाचला हायस्कूलच्या मैदानावर येते. घड्याळ आणि चार किलोचा गोळा बरोबर आणलाय. ज्यांच्या लेकीला, सुनेला वेळ मोजून बघायचीय, त्यांनी पाठवून द्या. उंची मोजायची पट्टीही मुख्याध्यापकांनी काढून ठेवलीय. आता विचारा काय विचारायचंय ते.