अपुऱ्या दिवसांची जुळी



घरात जुळं आलं की सारा गाव पाहायला लोटतो. पण बाळं मुठीएवढी निघाली की तीच माणसं दाराबाहेर येऊन हळूच म्हणतात, "जुळ्यातलं एक जायचंच." हे नुसतं बोलणं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्यापायी दोघांतल्या अशक्त बाळाच्या बाबतीत हात आखडता घेतला जातो. आणि ती मुलगी असली तर विचारायलाच नको. म्हणून या बोलण्यात खरं किती, ते आज पाहू.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. अडीच किलोच्या खालचं ते कमी वजनाचं आणि दीड किलोच्या खालचं फारच लहान. निम्म्याहून अधिक जुळी वेळेआधी येतात. जुळी अधिक दगावतात याचं मोठं कारण हेच. सारख्याच आठवड्यांचं, सारख्याच वजनाचं एक एकटं बाळ आणि एक जुळ्यातलं बाळ शेजारी ठेवलं, तर दोघांच्या नशिबातला फरक बराच कमी होतो. म्हणजे घात होतो तो मुख्यतः अपुऱ्या दिवसांनी. एक धोका मात्र खास जुळ्यांचा. दोघांत वार एकच असली, तर एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं. वार एक की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफीत पाहून घ्यावं.

आणखी एक समज आहे. सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, असं म्हणतात. हे साफ खोटं. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसाला बळ देतो. आठव्या महिन्याचं बाळ सातव्यापेक्षा केव्हाही सरस.

मग करायचं काय? अवेळी कळा सुरू झाल्या तर नवजात बालकांचा विभाग असलेल्या रुग्णालयात आईला आधीच न्यावं. बाळाला न्यायला आईच्या पोटासारखी दुसरी गाडी नाही. बाळंत होण्यापूर्वी आईला एक इंजेक्शन देतात, त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली हे दाखवून दिलं.

जन्मल्यावर मोठा वैरी म्हणजे गारठा. त्यावर उपाय आईच्या छातीचा. टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घालून बाळ आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून लुगड्यानं किंवा शालीनं बांधायचं. जुळं असेल तर एक आईकडे, एक बापाकडे किंवा आजीकडे. पाळी बदलत राहावी. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास ही रीत सुरू झाली. पुढे भारतासह पाच देशांत एक ते १.८ किलोच्या बाळांवर हे पडताळून पाहिलं. ते २०२१ साली प्रसिद्ध झालं. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या शंभर बाळांमागे महिन्याभरात बारा दगावली; उशिरा धरलेल्यांत जवळजवळ सोळा.

चोखायची ताकद नसेल तर आईचं दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजावं. मध नको, गुटी नको, खोलीत धुरी नको. अंघोळीची घाई नको.

हे खेड्यात जमेल का? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथलं नवजात बालमृत्यूचं प्रमाण शेजारच्या गावांशी ताडून पाहता ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली हे जगापुढे आलं. आज आशाताई घरी येतात, त्यामागे हाच धडा आहे. त्यांच्यापुढे दोन्ही बाळांचं वजन होऊ द्या.

बाळ वाचलं म्हणजे काम संपलं असं नाही. दोन किलोच्या आतल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायलाच हवेत. पडदा बिघडला तर कायमचं अंधत्व येतं आणि वेळेवर उपचार झाले तर बहुधा ते टळतं. कानही तपासून घ्या. आणि वय मोजताना नीट मोजा. दोन महिने आधी आलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा धरायची. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवावा. उगाच "मंद आहे" म्हणून शिक्का मारू नये.

गुरुजनांना शेवटी एक सांगणं. अशी मुलं पुढे तुमच्या वर्गात बसतात. पुष्कळ जण इतरांसारखीच शिकतात. काहींना फळा दिसत नाही, काहींचं लक्ष टिकत नाही, काही गणितात अडतात. जुळ्यांपैकी एक पुढे गेला म्हणून दुसऱ्याला टोचून बोलू नका. त्याच्या आईला विचारा, तो किती दिवसांचा जन्मला होता, डोळे-कान तपासले होते का. न तपासले असतील, तर आरोग्य पथक शाळेत येईल तेव्हा त्याला पहिल्या रांगेत उभं करा.