मुक्या जिवांचा मधुमेह आणि श्रावकाचे घर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



पूजन झाले, प्रभावनेचे पेढे आले, की दाराशी बसलेल्या कुत्र्याच्या वाट्यालाही एक पेढा येतो. सकाळी ग्लुकोज बिस्किटे, दुपारी तूप-गुळाची पोळी, रात्रीच्या आत दूधभात. देणाऱ्याच्या मनी करुणाच असते. असा लाडका कुत्रा सातव्या-आठव्या वर्षी एकाएकी भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागतो, घरात लघवी करतो, भरपूर खाऊनही रोडावतो. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. ही मधुमेहाची लक्षणे होत.

अशा वेळी फरशी ओली होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवले जाते. रक्तातील जादा साखर मूत्रावाटे बाहेर पडताना पाणी ओढून नेते. ती तहान म्हणजे खोड नव्हे, शरीराची निकड आहे. पाणी तोडल्यास जिवावर बेतते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ गणला आहे. तो येथे नकळत घडतो.

गोड खाल्ल्यानेच कुत्र्याला मधुमेह होतो, असे मात्र नाही. बहुतेक कुत्र्यांत स्वादुपिंडातील इन्शुलीन बनविणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. गोड व तुपकट आहाराने लठ्ठपणा आणि स्वादुपिंडाचा दाह यांना वाट मिळते, एवढे खरे. म्हणूनच केवळ पथ्याने कुत्र्याचा हा रोग आटोक्यात येत नाही; इन्शुलीन द्यावेच लागते, बहुधा बारा तासांच्या अंतराने दोनदा, आणि जेवणही त्याच वेळी, त्याच मापाने. सकाळी सहा व सायंकाळी सहा या वेळा ठरविल्यास चौविहार पाळणाऱ्या घराचीही अडचण होत नाही.

इन्शुलीनचा इतिहास जैन मनाला बोचणारा आहे. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते शोधले, ते कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. पुढे अनेक दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. १९८२ मध्ये जीवाणूंकरवी बनविलेले मानवी इन्शुलीन वापरात आले. (जीवाणूही जीवच, हा विचार वेगळा.) प्राण्यांसाठीच्या काही औषधांत आजही डुकराचे इन्शुलीन असते, पर्याय कोणता, हे पशुवैद्यांना निःसंकोच विचारावे.

साखर, गूळ, बिस्किटे, पांढरा पाव बंद करून, भात अगदी कमी करून डाळ, पनीर, दुधी, घेवडा, लाल भोपळा यांवर भर देता येतो. प्रमाण मात्र पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूण कुत्र्यास विषारी असल्याने त्या बाबतीत जैन स्वयंपाकघर आधीच निर्धोक! परंतु मनुका व द्राक्षे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेल्या ‘शुगर-फ्री’ गोळ्या दूर ठेवाव्यात. झायलिटॉलने कुत्र्याची साखर धोकादायकरीत्या घसरते.

पर्युषणात घरच्यांचा उपवास म्हणून कुत्र्यालाही उपाशी ठेवण्याची हौस कोठे कोठे दिसते. चंडकौशिकाने आहार सोडला तो स्वतःच्या जागृतीने. कोणी ताट काढून घेतले म्हणून नव्हे. इन्शुलीन दिले आणि पोट रिकामे राहिले, तर जनावर थरथरते, लडखडते, झटके येतात. तेव्हा ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून हिरड्यांना चोळावी. अनेक ठिकाणी मध सांगतात, त्याची गरज नाही. बेशुद्ध असल्यास तोंडात काही ओतू नये, तात्काळ दवाखाना गाठावा.

मांजराचे प्रकरण अवघड आहे. कुत्रा संतुलित शाकाहारावर राहू शकतो. मांजर निसर्गतः मांसभक्षी. टॉरिन न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. टॉरिन कृत्रिमरीत्या बनते खरे, पण मधुमेही मांजराला पिष्ट अत्यल्प व प्रथिने भरपूर लागतात. अशा आहाराने व वेळेवर दिलेल्या इन्शुलीनने काही मांजरांचे इन्शुलीन पुढे थांबवताही येते. दूधभाताने नेमके उलट घडते. मांजरावर आपले व्रत लादणे किंवा मांसाचे डबे घरात आणणे, यांत श्रावकाला निर्दोष वाट नाही. म्हणून हा विचार मांजर आणण्यापूर्वीच व्हावा. जे आधीच घरात आहे, त्याचा आहार पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवावा. स्थूल मांजराला वजन उतरविण्यासाठी उपाशी ठेवणे तर सर्वस्वी टाळावे. काही दिवसांतच यकृतात चरबी साचून ते दगावू शकते.

जय जिनेंद्र!